ओकावांगोच्या तंबूत मुक्काम: महिना ठरवण्यापासून टिप देण्यापर्यंत

बोट्सवानातल्या ओकावांगो डेल्टामध्ये चांगल्या टेंटेड कॅम्पचं एका माणसाचं एका रात्रीचं भाडं ऐन हंगामात हजार ते अडीच हजार अमेरिकी डॉलर असतं. काही ठिकाणी त्याहूनही वर जातं. कापडी भिंतींसाठी एवढे पैसे का मोजायचे, हा प्रश्न घरात कोणीतरी विचारतंच, आणि तो योग्यच आहे. उत्तर तंबूत शोधलं तर सापडत नाही. बोट्सवानाने जाणूनबुजून कमी पर्यटक आणि जास्त दर असं धोरण ठेवलं आहे. हजारो हेक्टर जंगलाचा पट्टा एका कंपनीला भाडेकराराने मिळतो, त्याला कन्सेशन म्हणतात, आणि तिथे आठ-दहा तंबूंचे मोजके कॅम्प असतात. तुमच्या बिलातला मोठा भाग त्या मोकळ्या जमिनीचा आहे. म्हणून कॅम्प निवडताना बाथटबचे फोटो शेवटी बघा. आधी जमीन, पाणी आणि महिना बघा.

महिना

ओकावांगोचं गणित उलटं आहे. अंगोलाच्या डोंगराळ भागात नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो. ते पाणी नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून मोहेम्बोजवळ बोट्सवानात शिरतं आणि कालाहारीच्या वाळूत पसरतं. जमिनीला उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे गच्चीवर ओतलेल्या बादलीसारखं ते चहूकडे सरकत राहतं. मोहेम्बोपासून डेल्टाच्या दक्षिण टोकाच्या माउन गावापर्यंतचं अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर कापायला त्याला महिने लागतात. ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही. बहुतेक पाणी ऊन आणि झाडंझुडपं पिऊन टाकतात. परिणाम असा की जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथे पावसाचा थेंबही पडत नसताना, पूर सर्वात वर असतो. आजूबाजूचा मुलूख कोरडा पडलेला असल्याने जनावरं या पाण्याकडे येतात. 2014 साली युनेस्कोने ओकावांगोला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते त्या यादीतलं हजारावं स्थळ.

आता हे आपल्या सुट्ट्यांशी जुळवून बघू.

मे महिना मला सर्वात शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे शाळांना सुट्टी, तिथे पाऊस संपलेला, गवत वाळायला लागलेलं, पाणी चढत असलेलं, हवा सुखद, आणि दर मात्र जुलै-ऑक्टोबरच्या हंगामापेक्षा खाली. एप्रिलच्या उत्तरार्धातही हाच फायदा मिळतो, फक्त गवत जरा उंच असतं. मराठी घरांसाठी हा जवळजवळ जुळवून दिलेला मुहूर्त आहे, तरी बहुतेक लोक ‘आफ्रिका म्हणजे ऑगस्ट’ असं केनियातल्या प्राण्यांच्या स्थलांतरावरून ठरवून बसलेले असतात.

जून ते ऑगस्टमध्ये पाणी भरपूर आणि आकाश निरभ्र, पण पहाटे उघड्या गाडीत तापमान शून्याच्या जवळ जाऊ शकतं. आफ्रिकन रानकुत्र्यांची पिल्लं याच काळात बिळात असतात, त्यामुळे एरवी दिवसाला मैलोनमैल धावणारी टोळी एका जागी सापडण्याची शक्यता असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्राणी सर्वात सहज दिसतात, पण ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो आणि कापडी तंबूतली दुपार अंगावर येते. दिवाळीची सुट्टी नेमकी इथे पडते. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर दर उतरलेले मिळतात आणि पहिल्या सरींबरोबर इम्पालाची पाडसं दिसू लागतात. फक्त आभाळाचा भरवसा नाही. डिसेंबर ते मार्च हिरवा हंगाम. पक्षी बघणाऱ्यांनी आणि खिसा सांभाळणाऱ्यांनी तेव्हा जावं.

पाणी की जमीन

कॅम्पवाल्यांच्या बोलण्यात ‘वॉटर कॅम्प’ आणि ‘लँड कॅम्प’ हे दोन शब्द येतात. वॉटर कॅम्पच्या भोवती कालवे, पपायरसची दाटी, कमळांची तळी. फिरायचं ते मोकोरो नावाच्या होडीतून नाहीतर मोटरबोटीने. लँड कॅम्पला दिवसभर उघडी जीप. सिंह-बिबट्यांसाठी लँड कॅम्प लागतो. वॉटर कॅम्पला शांतता, पक्षी आणि पाणथळ जागी राहणारे लेचवे हरणांचे कळप भरपूर, पण मोठं मांजर न दिसता दोन दिवस जाऊ शकतात. काही कॅम्पना दोन्ही जमतं, पण पाणी किती चढलंय त्यावर ते अवलंबून असतं. 2019 साली पूर इतका कमी आला की एरवी वाहते असणारे कालवे कोरडे पडले होते. म्हणून बुकिंगच्या आधी एजंटला स्पष्ट विचारा: आमच्या तारखांना मोकोरो नक्की चालतो का? आणि गाडीने फिरता येईल एवढी जमीन पाण्याबाहेर असते का?

माझं मत विचाराल तर दोन रात्री पाण्याच्या कॅम्पवर आणि तीन जमिनीच्या. पाण्याचा कॅम्प आधी घ्या. सिंह बघून झाल्यावर होडीत बसवलं की निम्म्या लोकांचा जीव रमत नाही, असा अनुभव आहे. एका कॅम्पवर एकच रात्र कधीही घेऊ नका. येण्याजाण्यातच ती संपते.

तिसरा प्रश्न कॅम्प मोरेमी अभयारण्यात आहे की खासगी कन्सेशनमध्ये. मोरेमी 1963 साली बाटवाना लोकांनी आपल्याच शिकारीच्या जमिनीतून राखून ठेवलं. प्राण्यांच्या बाबतीत ते अव्वल आहे, पण सरकारी अभयारण्याचे नियम लागू: रस्ता सोडायचा नाही, अंधार पडल्यावर फिरायचं नाही. कन्सेशनमध्ये बिबट्या झुडपात शिरला तर गाडीही मागे जाऊ शकते, रात्री दिवा घेऊन फिरता येतं, बंदूकधारी गाइडबरोबर पायी जाता येतं, आणि एका प्राण्याजवळ दोन-तीनपेक्षा जास्त गाड्या थांबू देत नाहीत. ताडोबात एका वाघिणीमागे वीस जिप्सी बघितलेल्या माणसाला या शेवटच्या नियमाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मोरेमीला लागून असलेला ख्वाईचा भाग गावकऱ्यांच्या ट्रस्टकडे आहे. तिथले कॅम्प तुलनेने परवडतात, गाड्या मात्र जास्त दिसतात.

पैशांचा हिशेब

जाहिरातीतला दर ‘पर पर्सन शेअरिंग’ असतो, म्हणजे दोघांनी एक तंबू घेतल्यावर प्रत्येकी. एकट्याने गेलात तर बऱ्याच ठिकाणी सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याचा जादा आकार, लागतो. मे किंवा नोव्हेंबरात काही कॅम्प तो माफ करतात. दरात राहणं, सगळी जेवणं, रोजच्या दोन सफारी, पार्क फी, बहुतेक पेयं आणि धुलाई येते. आंतरराष्ट्रीय विमानं, व्हिसा, विमा, टिप, महागडी वाइन आणि स्वतंत्र गाडी हवी असल्यास तिचे पैसे येत नाहीत. कॅम्प ते कॅम्प छोट्या विमानाचं भाडं कधी धरलेलं असतं, कधी नसतं. हा एका माणसाला एका उड्डाणाचे काहीशे डॉलरचा मामला आहे, म्हणून कोटेशनमध्ये ती ओळ शोधाच.

उदाहरणार्थ, मे महिन्यात नऊशे डॉलरचा कॅम्प, दोघं जण, पाच रात्री: नऊ हजार डॉलर फक्त कॅम्पचे. त्यावर विमानं. आपल्याकडच्या टूर कंपनीमार्फत पैसे भरले तर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकते. ‘चार रात्री राहा, तीनचे पैसे द्या’ अशा योजना हंगामाच्या कडेला हमखास असतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

जुलै ते ऑक्टोबरसाठी वर्षभर आधी जागा धरा. आठच तंबू म्हणजे दोन कुटुंबं आणि एक छायाचित्रकारांचा गट आला की कॅम्प भरला.

एवढं बजेट नसेल तर मोबाइल सफारी हा चांगला मार्ग आहे. गाइड, स्वयंपाकी आणि तंबू तुमच्याबरोबर फिरतात, दर दोन-तीन दिवसांनी तळ हलतो, शौचालय आणि बादलीचा शॉवर तंबूच्या मागे. गालिचे नसतात, जंगल तेच असतं.

कागदपत्रं, मार्ग आणि डॉक्टर

भारतीय पासपोर्टवर बोट्सवानाचा व्हिसा आधी काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो. पासपोर्टची मुदत सहा महिने आणि काही कोरी पानं शिल्लक हवीत. बरोबर मुलं असतील तर आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला न्या, आणि एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही. सीमेवर हे खरोखर मागतात.

मुंबईहून दुबई, दोहा, आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जोहान्सबर्ग, आणि तिथून साधारण दीड-पावणेदोन तासांत माउन, हा नेहमीचा रस्ता. यात दोन खाचा आहेत.

पहिली जोहान्सबर्गची. विमानतळाच्या आतल्या भागातूनच पुढचं विमान पकडणार असाल तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागत नाही. पण तिकिटं वेगवेगळी काढली आणि सामान थेट माउनपर्यंत टॅग झालं नाही, तर बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटांच्या जुगाडात इथे लोक अडकतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. आणि माउनहून कॅम्पची विमानं फक्त उजेडात उडतात. कनेक्शन चुकलं तर रात्र माउनमध्ये काढावी लागते आणि कॅम्पची रात्र फुकट जाते. मधे चार-पाच तास राखा.

दुसरी खाच पीतज्वराची. बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिका पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाहीत, पण इथिओपिया आणि केनिया आहेत. त्यांच्यामार्गे जाताना मुक्काम लांबला तर लशीचं पिवळं कार्ड मागू शकतात, आणि परत येताना भारताचे नियम याबाबत कडक आहेत. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस मान्यताप्राप्त केंद्रावरच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर ही भानगडच नाही.

उत्तर बोट्सवानात मलेरिया आहे, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. तिथला फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया साधा समजू नये. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सीसायक्लिन यांपैकी काय घ्यायचं हे डॉक्टर ठरवतील. परत आल्यावरही गोळ्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवायच्या असतात, आणि नेमकं तेच लोक विसरतात. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘आफ्रिकेत होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च आहे का ते पॉलिसीत वाचून घ्या. कॅम्पवर प्रथमोपचार असतो, डॉक्टर नसतो.

बॅग: वीस किलो, तीही मऊ

छोट्या विमानात एका माणसाला साधारण वीस किलो सामान चालतं, हातातली बॅग आणि कॅमेरा धरून. बॅग मऊ हवी, चाकं आणि लोखंडी सांगाडा नको, कारण ती विमानाच्या पोटातल्या अरुंद कप्प्यात दाबून बसवतात. चाकांची सुटकेस आणली तर ती माउनलाच ठेवावी लागते. पुढे व्हिक्टोरिया फॉल्सला वगैरे जाणार असाल तर परतीला माउनला येताय का, हे त्यासाठी आधी बघा. वजनदार प्रवाशांनी आपलं वजन बुकिंगच्या वेळी खरं सांगावं. शंभर किलोच्या वर काही कंपन्या जास्तीची सीट घ्यायला लावतात.

कपडे थोडे पुरतात, कारण धुलाई रोज होते. एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही: बऱ्याच कॅम्पवर अंतर्वस्त्रं धुलाईत घेत नाहीत. त्यासाठी बाथरूममध्ये साबणपूड ठेवलेली असते. ते आपलं आपण.

रंग खाकी, मातकट, फिका हिरवा. पांढरा पायी चालताना नको. लष्करी छापाचे ठिपक्यांचे कपडे तर अजिबात नको. झिंबाब्वे आणि झांबियात ते सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे, आणि या सहलीत लोक सीमा ओलांडतातच. थंडीसाठी एकावर एक घालता येतील असे थर घ्या: बनियन, फ्लीस, वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. मे ते ऑगस्टमध्ये पहाटे सहाला हे सगळं अंगावर असतं आणि दहाला टी-शर्टच उरतो. घट्ट बसणारी टोपी हवी, कारण चालत्या गाडीतून उडालेली टोपी घ्यायला कोणी उतरू देत नाही.

दुर्बीण प्रत्येकाला वेगळी. नवरा-बायकोत एक दुर्बीण म्हणजे पाच दिवसांचं भांडण. कॅमेऱ्याला 100-400 मिलिमीटरची लेन्स पुरते, आणि धुळीसाठी जुनी उशीची खोळ फार कामाला येते. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय चालत नाही. चार्जिंगबद्दल एक चांगली बातमी: बोट्सवानात तीन जाड गोल पिनांची सॉकेटं सापडतात, ती आपल्या गीझरच्या ‘पॉवर’ प्लगसारखीच असतात. तरी युनिव्हर्सल अ‍ॅडॅप्टर घ्या, कारण चौकोनी पिनांचीही असतात. वीज बहुतेक सौरऊर्जेची, त्यामुळे हेअर ड्रायर आणि इस्त्री विसरा. झोपेत सीपॅप मशीन वापरत असाल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवा. बॅटरीची सोय करावी लागते.

पोहोचल्यावरचा पहिला तास

माउनहून विमान कमी उंचीवरून जातं. खिडकीची जागा मागून घ्या: वारुळांभोवती वाढत गेलेली गोल बेटं आणि हत्ती-पाणघोड्यांनी पाडलेल्या पाणवाटा वरूनच नीट कळतात. धावपट्टी मातीची असते. गाइड आधी गाडी फिरवून तिच्यावरचे झेब्रे हाकलतो, मग विमान उतरतं.

हवाईपट्टीवरून निघण्याआधी शौचालयाचं बघून घ्या, कारण पुढचा पाऊण तास गाडीत जातो आणि वाटेत हत्ती असला तर दीड तास. गाइडला ‘दुमेला रा’ म्हणा, स्त्री असेल तर ‘दुमेला मा’. आभार मानायला ‘के आ लेबोगा’. सेत्स्वानातले एवढे शब्द पुरतात आणि चेहरे खुलतात.

कॅम्पवर गार टॉवेल, सरबत आणि लगेच जबाबदारीचा फॉर्म येतो: वन्य प्राण्यांचा धोका मी जाणतो, अशी सही. तो औपचारिक नाही. कॅम्पला कुंपण नसतं. मग मॅनेजर नियम सांगतो, तेव्हा थकवा आला असला तरी कान देऊन ऐका.

तंबू म्हणजे लाकडी चौथऱ्यावर उभारलेली खोली: जाळीच्या मोठ्या खिडक्या, खरा पलंग, मच्छरदाणी, फ्लश असलेलं बाथरूम, गरम पाणी, बऱ्याच ठिकाणी बाहेर उघड्यावर शॉवर. काँक्रीटचा पाया नसतो, कारण कॅम्प उठवला तर मागे खूण राहू नये अशी अपेक्षा असते. तंबू दाखवणाऱ्या माणसाकडून चार गोष्टी समजून घ्या: हॉर्न किंवा शिट्टी कुठे आहे, चेनला कडी कशी लावायची, पिण्याचं पाणी कोणतं, आणि रात्री दिवे किती वाजता मंद होतात.

कडीचं महत्त्व माकडांमुळे. व्हर्वेट माकडं आणि बबून यांना चेन उघडता येते. आत काही खाण्यासारखं असेल तर ती क्रीमच्या ट्यूबसकट सगळं उचकतात. म्हणून घरून आणलेला खाऊ तंबूत ठेवायचा नाही. चकल्यांचा डबा आल्या आल्या स्वयंपाकघरात नेऊन द्या, ते नाव लिहून ठेवतात. फळं तर मुळीच नकोत, हत्तीला वास फार दुरून येतो.

दिवस कसा जातो

पहाटे पाच-साडेपाचला गाइड तंबूबाहेर येऊन हाक मारतो. कापडावर टकटक करता येत नाही, म्हणून हाक. तुम्ही ‘ओ’ दिल्याशिवाय तो हलत नाही. थोडं खाऊन सहाच्या सुमाराला गाडी निघते. मधे एखाद्या झाडाखाली कॉफी आणि रस्क; मागितलंत तर कॉफीत मारुला फळापासून केलेलं अमारुला नावाचं मद्य घालून देतात. साडेदहा-अकराला परत, भरपेट जेवण, मग दुपारची झोप. साडेतीनला चहा-केक, चारला पुन्हा बाहेर, सूर्यास्ताला पेय हातात घेऊन थांबा, सात-साडेसातला परत आणि जेवण.

दुपारच्या झोपेला आपली माणसं ‘वेळ वाया’ म्हणतात. मी म्हणेन, झोपा, पण ओट्यावर. समोरून काय जाईल सांगता येत नाही आणि त्या वेळी एकही गाडी आवाज करत नसते.

गाडीत उभं राहायचं नाही, हात बाहेर काढून दाखवायचं नाही. प्राण्यांना गाडी आणि माणसं मिळून एकच आकार वाटतो. तो मोडला की त्यांचं वागणं बदलतं. पण सर्वात महत्त्वाचं काम पहिल्याच फेरीत करायचं असतं: तुम्हाला काय आवडतं ते गाइडला सांगा. गाइड समजतो की पाहुण्याला ‘बिग फाइव्ह’, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस, हे पाच मोठे प्राणी टिक करायचे आहेत, आणि तशी गाडी हाकतो. ‘आम्हाला घाई नाही, एका कळपाजवळ तासभर थांबलो तरी चालेल’ एवढं म्हटलंत तर त्याचा चेहरा बदलतो आणि सफारीही. ताडोबाची सवय इथे आड येते. तिथे फाटक बंद होण्याच्या धास्तीने वाघामागे पळावं लागतं. इथे फाटकच नाही. शेणातले किडे, वाळूतले माग, झाडावरचं ओरखडणं, सगळं विचारा. माग वाचणं हे त्या लोकांचं खरं कसब आहे आणि ते दाखवायला त्यांना आवडतं.

हत्ती गाडीकडे चालत आला तर गप्प बसा. गाइड इंजिन बंद ठेवतो की चालू करतो, त्यावरून किती काळजी करायची ते कळतं. बोट्सवानात सव्वा लाखाहून जास्त हत्ती आहेत, जगात कुठल्याही देशापेक्षा जास्त, तेव्हा ही वेळ येणारच.

मोकोरोत दोन पाहुणे पुढे खाली बसतात आणि मागे उभा माणूस ‘न्गाशी’ या लांब काठीने होडी ढकलतो. पूर्वी ती झाडाच्या एका खोडातून कोरायचे, आता झाडं वाचवायला फायबर ग्लासची करतात. पाणी बोटाच्या अंतरावर असतं. पाणघोड्यांमुळे खोल पाण्यात नेत नाहीत, उथळ कडेनेच जातात. लव्हाळ्याच्या पात्यावर नखाएवढा रंगीत बेडूक बसलेला असतो, तो दाखवायला सांगा. रात्री काचेच्या घंटा वाजल्यासारखा जो आवाज येतो तो यांचाच. ज्यांचे गुडघे धरतात त्यांनी मांडी न घालता पाय लांब सोडून बसता येईल अशी पाठटेकीची जागा मागावी.

रात्र

अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. जेवायला न्यायला आणि परत सोडायला माणूस येतो. पंधरा पावलांचं अंतर असलं तरी. जेवणात चार घोट घेतलेल्या पाहुण्याला हा नियम अति वाटतो, पण पाणघोडे रात्री चरायला कॅम्पमध्ये येतात आणि त्यांच्या व पाण्याच्या मधे उभं राहणं हा मरणाचा सरळ रस्ता आहे.

आत चेन लावून पडलात की तुम्ही सुरक्षित आहात. प्राण्यांना तंबू भिंतीसारखाच वाटतो. पहिल्या रात्री झोप लागत नाही, ते ठीक आहे. फरफर आवाज करत गवत उपटतोय तो पाणघोडा. खालून वर चढत जाणारी ‘ऊऽऽऽप’ म्हणजे तरस. सिंहाची डरकाळी पाच किलोमीटरवरूनही उशाशी वाटते. हॉर्न खऱ्या संकटासाठी आहे: आजारपण, आग, तंबूत शिरलेला प्राणी. पालीसाठी नाही. थंडीत अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते. पायाला काहीतरी उबदार आणि मऊ लागलं की ओरडू नका.

शाकाहारी ताट

‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलं तर ताटात अंडं येतं, कधी मासाही. बुकिंगच्या फॉर्मवर मांस, मासे, कोंबडी, अंडं, जिलेटिन यांतलं काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन लिहा. कांदा-लसूण नको असेल तर तेही. सगळा किराणा विमानाने किंवा दूरच्या रस्त्याने येतो, म्हणून आयत्या वेळी सांगून उपयोग नाही. आधी कळवलं तर स्वयंपाकी मनापासून करतात. दक्षिण आफ्रिकेत मोठा भारतीय समाज असल्याने डाळ-भात आणि करी त्यांना परकी नाही, फक्त तिखट बेताचं असतं. शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची पाकिटं न्या, सीलबंद. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सीमेवर काढून घेतात.

मुलं बरोबर असतील तर

बहुतेक कॅम्पना वयाची अट आहे, कुठे सहा, कुठे बारा. लहान मुलं असतील तर स्वतंत्र गाडी घ्यायलाच लावतात, आणि पायी सफारी व मोकोरोला मोठ्या वयाची अट असते. रात्री मुलांना वेगळ्या तंबूत झोपवता येत नाही, म्हणून फॅमिली टेंट आहे का बघा. सहा वर्षांखालच्या मुलांना घेऊन जायचं असेल तर ओकावांगोचा हट्ट सोडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मादिक्वेकडे बघा. तिथे मलेरिया नाही आणि लहानग्यांना घेणारे कॅम्प आहेत.

निघताना

टिप शेवटच्या दिवशी एकदाच देतात. गाइडला हातात, एका पाहुण्यामागे दिवसाला दहा ते वीस डॉलर हा रिवाज. बाकीच्या सगळ्यांसाठी मुख्य तंबूत एक पेटी असते. तिच्यात दिवसाला दहाच्या आसपास. मोकोरो हाकणाऱ्याला वेगळे पाच-दहा. पुला हे तिथलं चलन, तेही चालतं, पण कॅम्पवर सुटे मिळत नाहीत. मुंबईहूनच पाच, दहा, वीसच्या न फाटलेल्या, नव्या छपाईच्या नोटा घेऊन जा, आणि पाकिटं आधीच भरून ठेवा.

परतीच्या विमानाची वेळ बहुधा आदल्या संध्याकाळीच कळते, कारण एकच विमान तीन-चार कॅम्पचे पाहुणे गोळा करत जातं. सकाळची असेल तर शेवटची सफारी हवाईपट्टीवरच संपते. मग बॅग पहाटे तंबूत भरून तयार ठेवा, पासपोर्ट तिजोरीतून काढा, आणि जॅकेट बॅगेत न घालता अंगावरच ठेवा.